तिसरा गिअर

अणुस्कुऱ्याच्या चौथ्या वळणावर गाडीचा दम तुटतो.
हौद्यात चौदाशे किलो बांगडा आणि बर्फ,
पाय तळाला टेकलेला,
तरी काटा पंधराशेच्या वर सरकायला तयार नाही.
मागे काळा धूर, बॉनेटखाली बारीक शिट्टी,
दातांतून कुणी श्वास सोडावा तशी.
मग धप्प.
तिसरा सुटतो,
दांडा उडून मधोमध येऊन उभा राहतो
जणू आपण काही केलंच नाही.

नौशाद उडी टाकून चाकाखाली धोंडा सरकवतो.
फाळक्यातून बर्फाचं पाणी डांबरावर ओघळतं.
मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देत नाही,
नुसता बघतो,
बाई चालवतेय म्हणून गरजेपेक्षा थोडं जास्तच.

दुसऱ्यातच रखडत वर आले.
कोल्हापूरचा लिलाव सहाला, मी आठला.
बांगड्याचे डोळे तोवर पांढरे,
आणि भाव त्या डोळ्यांत बघूनच ठरतो.

नाट्यात तिघांनी तीन रोग सांगितले होते :
क्लचप्लेट गेली.
डिझेलात पाणी आहे.
विकून टाक.

ओणी फाट्यावर यासीन सोलकर मात्र काहीच बोलला नाही.
भांडी घासायच्या साबणाचं पाणी केलं,
टर्बोच्या रबरी पाइपावर ओतलं,
म्हणाला, दाब. अजून दाब.
पाइपाच्या पोटाशी, क्लिपेच्या मागे,
फेस उकळायला लागला.
"बघ, हवा आत जायच्या आधीच पळतेय.
उभ्या गाडीत ही चीर दिसायची नाय.
ओझं चढलं की तोंड उघडते."
मी मान हलवली.
अशी माणसं मला माहीत आहेत, मी त्यातलीच एक.

गिअरबॉक्स उतरायला दुपार झाली.
गोणपाटावर दात, कड्या, काळं तेल,
आणि त्यात एक फोर्क, दोन बोटांचा,
एक बोट जाड, दुसरं
जुन्या खवणीच्या पात्यासारखं झिजून चकचकीत.
"ताई, दांड्यावर हात ठेवून चालवतेस?"
गाडी घेऊन चारच महिने झालेत, म्हटलं.
"चार महिन्यांत असं नाय होत.
हा दहा वर्षं ठेवलेला हात आहे.
किती हलका असला, तरी आत वजन पोचतं."

संध्याकाळी जामसंड्याला फोन लावला.
विश्राम मोंडकर, आधीचा मालक,
आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारा,
भांडायलाच लावला होता.
त्याने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाला,
"एकटोच असायचंय गो. रात्रीचो.
तिसऱ्यात दांडो हातात थरथरता,
तेवढ्यान झोप येयना.
आनि हात खंय ठेवतलंय?"
नंतर दोघंही गप्प.
त्याच्याकडे कुठेतरी कुकर वाजत होता.
पैशांचं काढायचं होतं, ते राहूनच गेलं.

नवा फोर्क, नवा पाइप, तेल, मजुरी :
साडेअकरा हजार, त्यातले चार उधार.
यासीनने जुना फोर्क भंगाराच्या डब्यात टाकला.
टणकन आवाज झाला, इतकंच.

काल पुन्हा अणुस्कुरा.
चौथं वळण तिसऱ्यात,
काटा बावीसशेवर, शिट्टी नाही,
गाडी अशी चढली की मीच थोडी मागे राहिले.
मलकापूरच्या पुढे रस्ता सरळ झाला, तीन वाजले,
उसाच्या ट्रॉल्यांचे मागचे दिवेसुद्धा संपले,
आणि खाली बघते तर माझा डावा हात
दांड्यावर.
तळव्यात ती थरथर,
मांजर घशात घुरघुरतं तशी, उबदार.

उचलला.
मांडीवर ठेवला, मग खिडकी नसलेल्या बाजूला कुठेतरी,
मग परत मांडीवर.
नौशादने विचारलं, मामी, झोप येतेय?
नाही, म्हटलं.
तू बोलत राहा.